तामदाचं कुरण बंद आहे

असाका,
११ फेब्रुवारी २००५

प्रिय तुदा,

सलाम. माणसं आणि मेंढरं, दोन्ही हिवाळ्यातून सुखरूप निघाली असतील अशी आशा आहे. हे पत्र बाजाराच्या ट्रकवाल्याकडे देतोय. घाटाच्या पायथ्यापर्यंत तो येतो, पुढे कोणीतरी खेचरवाला तुमच्या तिझी गावाला पोचवेल. उत्तर त्याच वाटेनं पाठव.

तू आत्याची मुलगी, पण वाढलीस आमच्या घरात, आमच्या आईच्या हातची भाकर खाऊन. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मला हद्दू दाजींकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती तू मागितलीस तरच मिळेल.

ऑक्टोबरच्या पुराचं तुम्ही ऐकलंत, पाहिलं नाहीत. नुसतं पाणी असतं तर सोसलं असतं. आला तो चिखल. इदिरचं घर ओढ्याच्या वळणावर होतं, ते गेलं. पोरं आणि बायको आमच्याकडे जेवायला आली होती म्हणून वाचली. त्याची पायऱ्यांची शेतं आणि आजोबांनी लावलेले अक्रोड, सगळ्याच्या जागी आता दगड पसरलेत. माझा हा धाकटा भाऊ आता माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहतो आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तो चिखल तामदाच्या उतारावरचा होता हे इथलं पोरही सांगेल. तिथे आता गवताची काडी नाही, माती धरायला काही उरलेलं नाही.

शहरातल्या एका संस्थेची घिझलान नावाची बाई इथे येते. तिने आम्हा शेतकऱ्यांना, वनरक्षक सी लारबीला आणि तुमच्या माणसांना एकत्र बसवलं. तुमच्याकडून दोन म्हातारे आले, चहा प्यायले आणि निघून गेले. ठरतंय ते असं: आजोबांच्या काळात जसा अग्दाल पाळायचे, तशी तामदावर वसंतात चराईबंदी. गवताला बी धरून ते जमिनीवर पडेपर्यंत एकही जनावर आत जाणार नाही. जुलैत सगळ्यांसाठी एकाच दिवशी उघडायचं. वरचा अगदी उभा पट्टा मात्र तीन वर्षं बंद, तिथे अरारची झाडं आणि काटेरी झुडपं लावायची. बदल्यात आम्ही तुम्हाला जवाचं काड आणि वाळलेला लसूणघास देऊ, आणि हिवाळ्यात आमच्या शेतात तुमची मेंढरं बसू देऊ. वाळकी लाकडं नेणाऱ्या बायकांना अडवणार नाही असं सी लारबीने कबूल केलंय.

वरच्या माणसांत दाजींचा शब्द चालतो. त्यांच्याशी बोल.

तुझा दादा,
बास्सू

तिझी,
२५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र हद्दूला वाचून दाखवलं. सगळं नाही. ‘हे इथलं पोरही सांगेल’ ते वाक्य गाळलं, नाहीतर पुढचं त्याने ऐकलंच नसतं.

तरीही तो म्हणालाच, की अरारची झाडं कोणाच्या घरांच्या तुळया झाली ते असाकावाल्यांना विचार. दुष्काळाच्या वर्षात तामदाच्या उतारावर नांगर कोणी घातला तेही विचार. आम्ही मेंढरं चारली, नाही कोण म्हणतो. पण दर पुरानंतर आमच्याकडे बोट दाखवायचं आणि आमच्या बायका लाकडाची मोळी घेऊन उतरल्या की दंडाची पावती फाडायची, हे किती वर्षं चालायचं? तुझ्या पत्रातले ते दोन म्हातारे चहा पिऊन उठले कारण खालच्या कोणीतरी त्यांच्यासमोर नाकाला रुमाल लावला होता. मेंढरांचा वास येतो आम्हाला, खरंय. तुला लहानपणी माझ्या अंगाला येत नव्हता वाटतं?

हे झालं भांडण. आता ऐक. तीन दिवस मी या माणसाच्या मागे लागले. चुलीशी बसला की हाच विषय, मेंढरं आत घेताना हाच विषय. शेवटी त्याने एकच विचारलं, "चारा आधी, की बंदी आधी?" तुझ्या पत्रात ते नाही. ते तू मुद्दाम गाळलं नसशील असं मी त्याला सांगितलं.

तर चारा आधी. तो पोचला की दोन्ही गावांनी खिंडीतल्या पीराच्या कबरीवर हात ठेवून शपथ घ्यायची. वर राखण हद्दू करेल. बाकीचे मेंढपाळ कुरकुरतायत, पण त्याच्यामागून येतील. एवढं लक्षात ठेव: त्यांच्यासमोर त्याने स्वतःची मान पुढे केली आहे. तिला धक्का लागू देऊ नकोस.

तुदा

असाका,
२९ मार्च

प्रिय तुदा,

शपथेच्या दिवशी तू बायकांमध्ये उभी होतीस, बोलणं झालं नाही. पण तुला समाधान वाटलं ते तुझ्या चेहऱ्यावरून कळलं.

दोन ट्रक चारा पोचला आणि तिसरा एप्रिलच्या मध्यापर्यंत निघेल. आमच्याकडे घराघरांतून काड गोळा करताना घाम फुटला. ‘आमच्या गाईंच्या तोंडचं काढून त्यांच्या मेंढरांना घालायचं का’ म्हणाले. मी उत्तर दिलं की माती खाली येण्यापेक्षा काड वर गेलेलं बरं. तेवढ्यापुरते गप्प झाले. घिझलान मला म्हणाली, बास्सू, माझं काम तुम्हीच करायला लागलात, आता माझी नोकरी जाणार. ती हसली तेव्हा गावातले चारजण तरी हसले.

इदिरही खिंडीत आला होता, पाहिलंस ना? पुरानंतर पहिल्यांदा तो घराबाहेर पडला. कबरीवर हात ठेवताना माझ्याच शेजारी होता. मला वाटतं हा माणूस आता माणसांत येईल.

खाली एक कुजबुज आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. काहीजण म्हणतात, वरचे आमचा चाराही खातील आणि तामदाही चारतील. मी त्यांना सांगितलं, हद्दूसाठी मी जामीन. तेव्हा दाजींना सांग, डोळ्यांत तेल घालून राखा.

बास्सू

तिझी,
१७ एप्रिल

दादा,

बर्फ यंदा लवकर वितळलं आणि नंतर पाऊस नाही. तरी तामदा हिरवा दिसतोय. दुरून नाही दिसत, वाकून बघावं लागतं. दगडांच्या आडोशाला आधी गवत फुटलं, मग उघड्यावर. लावलेली अरारची रोपं वितीएवढी आहेत. बायका रोज पाण्याला जाताना थोडं पाणी त्यांच्या बुडाशी ओततात, कोणी सांगितलं नव्हतं. मला तुला हे दाखवायचं होतं.

मेंढरांचं मात्र कठीण आहे. काड संपत आलं. कोकरं झालेल्या मेंढ्यांना दूध उतरत नाही. तिसरा ट्रक अजून आला नाही. कधी निघतोय?

हद्दू दिवसभर वर असतो, उन्हातान्हात. परवा परत आला तो जेवलाही नाही. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही.

इदिर कसा आहे? दिवसभर काय करतो? बाजाराला जातो का? मला सविस्तर लिही. मला त्याची काळजी वाटते.

तुदा

असाका,
४ मे

तुदा,

लिहायला उशीर झाला. खरं सांगायचं तर लिहावंसं वाटत नव्हतं.

आमच्या दोन बायका समोरच्या डोंगरावर औषधी पाला गोळा करायला गेल्या होत्या. त्यांनी तामदाच्या उतारावर कळप पाहिला. दोन-चार चुकलेली मेंढरं नव्हेत, अख्खा कळप, आणि सोबत मेंढपाळ. अंतर खूप असल्याने माणूस ओळखता आला नाही. पण वर राहणारा माणूस होता एवढं नक्की, कारण हाकारा तुमच्या पद्धतीचा होता.

सभा बसली. तिसरा ट्रक भरून उभा होता, तो थांबवायचं ठरलं. मी विरोध केला नाही. जामीन राहिलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने विरोध करायचा? एकजण मला उघड म्हणाला, बहीण वर दिलेली आहे म्हणून बास्सूला तिथलं गवत जास्त हिरवं दिसतं.

दाजींनी पाहिलं नसेल असं मी धरून चालतो. पण रोज वर असलेल्या माणसाला कळप दिसत नाही, हे मी कोणाला पटवू?

इदिर बरा आहे. बाजाराला जातो, कधी दोन-दोन दिवस येत नाही. पण थोडा तरतरीत झालाय, म्हणून मी काही विचारत नाही. उद्ध्वस्त झालेल्या माणसाला कशाला टोचायचं? त्याचं सोड. मला कळपाचं उत्तर दे.

बास्सू

तिझी,
१२ मे

दादा,

हद्दूने तो कळप पाहिला. एकदा नाही, तीनदा. दोनदा त्याने हाकलला, तिसऱ्यांदा भांडण झालं. ती मेंढरं आमच्या कोणाची नाहीत. हे मी शपथेवर सांगते. कोणाची आहेत ते विचारू नकोस.

ट्रक पाठव. दोन कोकरं गेली. आमचे लोक हद्दूच्या दारात येऊन म्हणतायत, तू आमचं कुरण त्यांना दिलंस आणि चारा आणला नाहीस. त्यांना आता तुझ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. हद्दूवर तरी का ठेवावा?

तुदा

असाका,
१९ मे

तुदा,

‘विचारू नकोस.’ हे मी सभेत कसं सांगू? माझी बहीण म्हणते विचारू नका, असं?

काल पुन्हा कळप दिसला. आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. गुरुवारी इथली माणसं वर येणार आहेत, सी लारबीला घेऊन. मेंढरं सापडली तर कोंडवाड्यात घालतील, आणि हद्दूला राखणीवरून काढून आमचा माणूस बसवतील. घिझलान हात जोडत होती, आधी मला एकटीला जाऊ द्या म्हणत होती. तिचं कोणी ऐकलं नाही. मीही सोबत येतोय. मी नसलो तर आणखी वाईट होईल.

दाजींना सांग, त्या दिवशी कुरणावर थांबू नका.

बास्सू

तिझी,
२७ मे

बास्सूदादा,

तू तिथे होतास, तरी झालं ते मी सांगते. कारण तू सगळा वेळ खाली बघत होतास.

तुझा निरोप मी हद्दूला दिला. तो म्हणाला, ज्या दिवशी माणसं येणार त्याच दिवशी राखणदाराने घरी बसायचं असेल, तर मग राखण कशाची? तो गेला. मी मागोमाग पाणी घेऊन गेले.

तुम्ही वर पोचलात तेव्हा मेंढरं नव्हती. ताज्या लेंड्या होत्या, कुरतडलेलं गवत होतं, तुडवलेली अरारची रोपं होती. कोणीतरी आधीच सावध केलं होतं. तुमची माणसं ओरडायला लागली की यानेच कळप पळवला. सी लारबीने मात्र पावतीपुस्तक बाहेर काढलं नाही. म्हणाला, ज्याला पकडलं नाही त्याच्या नावाने मी काही लिहीत नाही. सगळ्या गर्दीत तो एकटा सरळ बोलला.

मग एकाने हद्दूला विचारलं, कळप कोणाचा ते तरी सांग. हद्दू तुझ्याकडे बघत होता. तो काहीच बोलला नाही, आणि तुम्हाला वाटलं चोर सापडला. मग दगड आला.

त्याचं गळपट्टीचं हाड मोडलंय. हाडं बसवणाऱ्याने फडकं बांधून दिलंय. उजवा हात वर जात नाही. आमची पोरं खाली जाऊन तुमच्या अक्रोडांना कुऱ्हाड लावायला निघाली होती. हद्दूने उठून, तसाच वाकडा उभा राहून त्यांना दारातच अडवलं.

आता तू विचारायच्या आधीच सांगते. एप्रिलमध्ये हद्दूने त्यातली एक मेंढी धरली होती. तिच्या डाव्या कानाला दोन काप, मधे टोक सोडलेलं. नवे काप होते, खपली धरलेली. ती खूण मला दाखवायची गरज नव्हती. मामा घरच्या कोकरांना हीच खूण घालायचे, तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या कोकराचे कान धरायला मीच बसायचे. तुझ्याकडे मेंढरं नाहीत. तेव्हा ती खूण आता एकच माणूस घालतो.

इदिरने शपथेनंतर लांबच्या बाजारातून मेंढ्या आणून आमच्यातल्या झायद नावाच्या मेंढपाळाकडे अर्धेलीने ठेवल्या आहेत. झायद वाड्यापासून दूर एकटा राहतो, कोणाला कळलं नाही. हे मी तुला लिहू शकले नाही. पुरात घर गेलेल्या माणसाला दोन्ही गावांसमोर शपथमोड्या ठरवायचं माझ्या हातून झालं नाही. हद्दूलाही मीच गप्प बसवलं. म्हटलं, दादाला आपोआप कळेल. तो माझ्या शब्दासाठी चोर म्हणवून घेत राहिला.

आणि दगड कोणी मारला ते मी पाहिलं. तूही पाहिलंस, तेवढ्यापुरती तुझी मान वर झाली होती. तो तुझ्या डाव्या हाताला उभा होता.

आता काय करायचं ते तू ठरव.

तुदा

असाका,
११ जून

तुदा,

हो, मी पाहिलं होतं. घाटातून उतरताना मी स्वतःला समजावत होतो, की रागाच्या भरात गेला दगड. पण इदिरला राग कशाचा, हे मी स्वतःला विचारलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर ते विचारावं लागलं.

तो मागच्या खोलीत खेचराचं खोगीर शिवत बसला होता. मी कानाची खूण सांगितली. तो नाही म्हणाला नाही. सुई चालूच ठेवली. म्हणाला, "माझी सगळी माती खाली वाहून गेली. वर गवत उरलंय. ते तरी माझं समज."

मी म्हटलं, ते सगळ्यांचं आहे, तू शपथ घेतलीस. त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही. तुझी शेतं वाचली, म्हणून तुला तीन वर्षं थांबता येतं; मला तीन वर्षं काय खायचं ते तुमच्या त्या सभेत कोणी विचारलं का? तुदा, खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. वरच्यांना काय द्यायचं त्यावर आम्ही चार बैठका घेतल्या, आणि ज्याचं सगळं गेलं तो माझ्याच घरात बसला होता.

पण दाजींच्या खांद्याला त्याने काही फरक पडत नाही. मी त्याला सांगितलं, सभेत तू बोल, नाहीतर मी बोलतो. तो आला नाही. मी बोललो.

ट्रक अडवण्यात जे पुढे होते तेच आधी उठून बाहेर गेले. एका म्हाताऱ्याने विचारलं, परक्याला जो दंड तोच भावाला का? मी हो म्हणालो. जुन्या रिवाजाने दंड ठरला: कळपातले सगळ्यात चांगले एडके कापून त्याने तुमच्या दारात दोन्ही गावांना जेवण घालायचं, आणि यंदा तामदा उघडेल तेव्हा त्याचा कळप बाहेर राहील. दुसरी गोष्ट घिझलानने मांडली आणि सगळ्यांनी मान्य केली. ज्यांची शेतं गेली त्यांच्या बांधाच्या दगडी ताली गावाने मिळून पुन्हा बांधायच्या, आणि सुरुवात इदिरच्या शेतापासून करायची. हे आधी सुचायला हवं होतं.

तिसरा ट्रक या पत्राबरोबरच येतोय. चौथाही भरतोय.

इदिर बायकापोरांना घेऊन सासऱ्याकडे राहायला गेला. जाताना माझ्या बायकोचा निरोप घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

दाजींना भेटायला येईन म्हणतो. येऊ का?

बास्सू

तिझी,
१४ जुलै

दादा,

तू विचारलंस त्याचं उत्तर जेवणाच्या दिवशी मिळालंच. तरी लिहून ठेवते. तू दारात उभा राहिलास तेव्हा हद्दू मला आतून म्हणाला, त्याला सांग आत ये, मला उठून मिठी मारता येणार नाही. एवढंही तो कोणासाठी बोलत नाही, हे तुला माहीत नसेल.

इदिर एडके घेऊन आला. स्वतः कापले, स्वतः वाढले. तुमची आणि आमची माणसं एका ताटाभोवती बसली, आणि पहिल्यांदा कोणी नाकाला रुमाल लावला नाही. इदिर जेवला नाही. हद्दूसमोर ताट ठेवताना तो क्षणभर थांबला. हद्दूने चांगल्या हाताने मांसाचा तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. इदिरने तो घेतला आणि न खाता उभाच राहिला. मग मागे जाऊन आमच्या कुंपणापाशी बसला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तो रडत होता, म्हणून मी पाणी ठेवून परतले.

परवा तामदा उघडला. कळप कडेला उभे होते, एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बायकाही हाकारत होत्या. हद्दूने हात वर करून इशारा द्यायचा होता. डावा हात वर केला. मेंढरं आत शिरली तेव्हा गवत त्यांच्या पोटाला लागत होतं. आमच्या म्हाताऱ्यांनीही असं तामदावर पाहिल्याला बरीच वर्षं झाली.

वरच्या बंद पट्ट्यात कोणी गेलं नाही. तुडवलेल्या रोपांपैकी काही पुन्हा फुटली आहेत.

तुदा

असाका,
२ सप्टेंबर

प्रिय तुदा,

पूर आला हे कळलंच असेल. गेल्या आठवड्यात तासभर पाऊस पडला आणि ओढा दोन्ही काठ सोडून आला. माणूस कोणी गेलं नाही. पण चिखल आला, तुदा. गेल्या वर्षीपेक्षा कमी, असं घिझलान ओढ्यात रोवलेल्या खुणांच्या काठ्या दाखवून सांगते, आणि मलाही तसंच वाटतं. पण ज्याच्या शेतात चिखल आला त्याला कमीजास्त सांगून काय उपयोग? नव्याने बांधलेल्या तालींपैकी दोन फुटल्या.

आज सभा बसली. मी आजवर इतका घाबरलो नव्हतो. सगळे एकदम बोलत होते: चारा दिला, काड दिलं, घाम गाळला, आणि चिखल तो आलाच. मेंढपाळांना आता एक काडी मिळणार नाही, तो करार मोडा, तो पट्टा उघडा की बंद ठेवा, आम्हाला काय त्याचं. घिझलान म्हणाली, एका वर्षाचं गवत पूर थांबवत नाही, मुळं धरायला वेळ लागतो. तिला बोलू दिलं नाही. मी उठलो, तर मागून कोणीतरी म्हणालं, तू बस, तू भावाला विकलंस ते पुरे झालं. मी बसलो.

तेवढ्यात दारातून इदिर आत आला. सासुरवाडीहून ताली बघायला आला होता, फुटलेल्या दोन्ही ताली त्याच्याच शेतातल्या होत्या. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. लोकांनी सरकून त्याला वाट दिली. सगळ्यांना वाटलं, आता हा माझ्यावर तुटून पडणार. मलाही वाटलं.

तो म्हणाला, "ही बंदी मोडली म्हणून तुम्ही माझे चार एडके खाल्लेत. दोन्ही गावांनी, बोटं चाटून. आज ही बंदी फुकट होती म्हणता? मग आधी माझे एडके परत आणा. जिवंत. नंतर मोडा."

कोणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळी सभा. इदिर हसला नाही. तो थांबून राहिला, जणू खरंच एडक्यांची वाट बघतोय. हसणं ओसरलं तरी तो तिथेच उभा होता. ज्या म्हाताऱ्याने भावालाही तोच दंड का असं विचारलं होतं, त्याने उठून हात वर केला की बंदी चालू राहावी. हळूहळू बाकीचेही. सगळे नाही, पण पुरेसे.

बाहेर पडताना मी इदिरच्या मागे गेलो. हाक मारली, तो थांबला नाही. त्याच्या फुटलेल्या तालीपर्यंत तसाच मागोमाग चालत गेलो. त्याने खाली पडलेला एक मोठा दगड एका टोकाला धरला आणि वाट बघत वाकून राहिला. एकट्याने उचलण्यासारखा तो नव्हता. मी दुसरं टोक धरलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही दगड लावत होतो. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. उद्या सकाळीही येणार आहे, असं त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं. म्हणून मीही जाणार आहे.

दाजींना सलाम.

तुझा दादा,
बास्सू